बाबलीने मांडलेला सडा

हां, तर काल आपण थांबलो तेव्हा विहिरी खणणारा बाबली वीस हात खोल खड्ड्यात उभा होता आणि वर काठावर माझा चुलतभाऊ नारळ-अगरबत्ती घेऊन पाण्याची वाट बघत होता. जागा दाखवली होती एका पानाड्याने. तळहातावर नारळ आडवा धरायचा, तो उभा राहिला की तिथे पाणी, असा त्याचा हिशेब. बाबलीने खाली पहार टेकवून ठेवली, कडेच्या दगडावर हात फिरवला, मूठभर माती नाकाशी नेली आणि वर तोंड करून म्हणाला, "हंय पाणी नाय. आणखी धा हात मारलंय तरी गावाचा नाय." म्हणजे मिळायचं नाही. चुलतभाऊ भडकला. नारळ उभा राहिलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला. बाबली शिडीने वर आला, पाय धुतले, म्हणाला की नारळ उभो रवता तो हात थरथरता म्हणान, आणि घरी गेला. चुलतभावाने फोंडाघाटाकडून दुसरी माणसं आणली आणि पुरते दहा हात आणखी खणले. आज त्या विहिरीत तो पावसाळ्याची लाकडं ठेवतो. चांगली सुकी राहतात.

हे मी हसत हसत सांगतो खरं, पण मुद्दा हसण्याचा नाही. मुद्दा एवढाच की पाण्याबद्दल बाबली खोटं बोलत नाही. इतर बाबतींत बोलतो. बायकोला, यशोदेला, तो पन्नास वर्षं सांगत आलाय की विडी सोडली. पण पाण्याचं विचाराल तर जे आहे तेच सांगेल, आपलं काम गेलं तरी. आमच्या पंचक्रोशीत साठ-पासष्ट विहिरी त्याच्या हातच्या असतील. फाल्गुन-चैत्रात तो एकटाच हिंडायचा. गवत कुठे शेवटपर्यंत हिरवं राहतं, वारूळ कुठे आहे, पहारीचं मागचं टोक कातळावर आपटलं तर आवाज कसा येतो, हे बघत. म्हणायचा, पाणी वाटेने चालतं, आपण फक्त त्या वाटेत आडवं जाऊन उभं राहायचं.

मी आणि बाबली एका बाकावरचे, मला तो तेव्हापासून दाजी म्हणतो. गावच्या शाळेत तो चौथीपर्यंत होता, मी सातवीपर्यंत. मला गोष्ट सांगायचा नाद तेव्हापासून, आणि बाबली उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. आमच्या गुरुजींनी एकदा सूर्यग्रहण शिकवलं. तोंडी सांगितलं तेव्हा एकालाही कळलं नाही. मग त्यांनी सगळ्यांना उन्हात नेलं, एका हातात नारळ धरला, दुसऱ्या हातात सुपारी, आणि सुपारीची सावली नारळावर पाडून दाखवली. सत्तर वर्षांचा झालो, ती काळी टिकली अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून माझं ठाम मत झालं की माणसाला सांगून जे कळत नाही ते दाखवून कळतं. हे मत मी आयुष्यभर येईल त्याला ऐकवलं. बाबलीलाही ऐकवलं. ऐकवलं नसतं तर बरं झालं असतं.

आता गावाची मांडणी सांगतो. धामापूरच्या पलीकडे दोन टेकड्या ओलांडल्या की आमचा गाव. मध्ये सडा, म्हणजे उघड्या कातळाचं मोठं पठार. सड्याच्या मावळतीला व्हाळवाडी, तिथे बाबलीचं घर. उगवतीला देऊळवाडी, तिथे माझं. सड्याच्या पायथ्याशी व्हाळवाडीच्या अंगाला एक झर आहे. होती. ती वैशाखापर्यंत वाहायची आणि तिच्यावर व्हाळवाडीची वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती व्हायची. सड्यावरची जमीन मात्र बहुतेक आम्हा देऊळवाडीकरांची. तिच्यावर कधी काही पिकलं नाही. पावसात फुलं येतात, एरवी गुरंसुद्धा थांबत नाहीत.

चार वर्षांपूर्वी एक ठेकेदार आला. सड्यावर चिऱ्याची खाण काढायची म्हणाला. चिरा म्हणजे आमचा घरं बांधायचा तांबडा दगड. कातळ यंत्राने कापायचा, ट्रकात भरायचा. जमीनवाल्यांना भाडं. त्यासाठी ग्रामसभेचा ना-हरकत ठराव हवा होता.

गावात तेव्हा एकच भीती होती की सडा कापला तर विहिरी आटतील. कुणाच्या, कशा, हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या, असं सगळेच धरून चालले होते. भाड्याच्या नावाने तोंडाला पाणी सुटलेली आमची देऊळवाडीसुद्धा गप्प होती, कारण नुसतं भाडं पिऊन तहान भागत नाही. ही भीती किती कामाची होती, ते मला फार उशिरा कळलं.

पहिली ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात झाली. ठेकेदाराने विनीत नावाचा आपला इंजिनियर पाठवला होता. भला पोरगा, कपडे इस्त्रीचे. त्याने पडदा लावला, मशीन जोडलं आणि रंगीत आलेख दाखवायला सुरुवात केली. सकाळचे अकरा वाजलेले, मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. पडद्यावर ऊन. आम्हाला दिसलं ते एवढंच की एक पांढरी चादर टांगलेली आहे आणि तिच्यापुढे एक मुलगा काठीने काहीतरी दाखवतोय. यशोदा मागून म्हणाली, "गो, ह्या वाळत घातलेला कोणाचा?" बायका हसून लोळल्या. विनीतही शेवटी हसला आणि मशीन बंद केलं.

मग बाबली उठला. तो कधी सभेत उठला नव्हता. म्हणाला, सडा म्हणजे दगड नव्हे, सडा म्हणजे चाळण. पावसाचं पाणी त्याच्या भोकाभोकांतून उतरतं, खालच्या पांढऱ्या मातीवर थांबतं आणि मातीच्या उतारावरून झरीला येतं. हे मी आत्ता दोन वाक्यांत सांगितलं. त्याला पाव तास लागला आणि त्यात त्याने वारूळ आणलं, आपल्या बापाने खणलेली विहीर आणली, मध्येच कुणाशी तरी भांडला. लोक चहाकडे बघायला लागले. सरपंच समीक्षाने, ती व्हाळवाडीचीच सून, मोठ्या आदराने त्याला सांगितलं, "बाबलीकाका, तुमचा मुद्दा नोंदवून घेतला," आणि सभा पंधरा दिवसांनी परत बोलावली.

घरी जाताना बाबली रडकुंडीला आला होता. त्याची विहीर झरीच्या वाटेवर. यशोदेचं वायंगण झरीवर. म्हणाला, माका दिसता ता तेंका दिसणा नाय, काय करू? आणि मी, सातवी शिकलेला, नारळ-सुपारीचा चेला, म्हणालो, "दिसत नाय तर दाखव."

पुढचे दहा दिवस आम्ही दोन म्हातारे पोरं झालो. इतका आनंद मला नातवंडं झाली तेव्हाही झाला नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. बाबलीने सड्यावरूनच चिऱ्याचे तुकडे आणले, वीतभर वीतभर फोडले. एका जुन्या दरवाजाच्या फळीवर पांढऱ्या मातीचा थर दिला. त्यावर चिरे रचून आमचा सडा उभा केला. कातळाच्या भेगासुद्धा जिथल्या तिथे. मी म्हटलं वरून गुलालाचं पाणी ओतू. बाबलीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तांबड्या दगडातून तांबडं पाणी आलेलं तुला दिसणार कसं. यशोदा कपडे वाळत घालत होती. ती आत गेली आणि निळीची बाटली आणून ठेवून गेली.

आता विहिरी. बाबली म्हणाला, करवंट्या ठेवू. आतून चुना लावला की नीळ उठून दिसेल. व्हाळवाडीच्या अकरा विहिरींच्या अकरा करवंट्या त्याने मांडल्या, प्रत्येकीवर खडूने घराचं नाव. त्याचं तेवढंच होतं. मी म्हणालो, आणि आमच्या? देऊळवाडीच्या सहा विहिरी कुठे आहेत? तो म्हणाला, तेंची हेच्यात गरज नाय. मी त्याला समजावलं. अरे, माणूस सभेत का लक्ष देतो? चित्रात त्याला स्वतःचं घर दिसलं म्हणजे देतो. सगळ्या गावाच्या विहिरी ठेव, म्हणजे सगळ्या गावाला ते आपलं वाटेल. हे कुठे वाचलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालं होतं. मला माझंच फार कौतुक वाटलं. बाबलीने थोडा वेळ डोकं खाजवलं, मग सहा करवंट्यांना चुना लावला आणि जिथल्या तिथे उगवतीच्या बाजूला ठेवल्या. त्यातली एक माझी. नाव मीच लिहिलं, अक्षर चांगलं म्हणून.

दुसऱ्या सभेला मंडप भरला. फळी चार जणांनी उचलून आणली. बाबली या वेळी बोललाच नाही, त्यामुळे जिभेचा प्रश्न आला नाही. तांब्यात निळीचं पाणी घेतलं आणि सड्यावर हळूहळू ओतलं. पाणी चिऱ्यात जिरलं. काहीच झालं नाही. कुणीतरी म्हणालं, "बाबलीचो सडो पिता बरो." हशा झाला. मग मातीच्या कडेला मावळतीच्या अंगाने एक निळी रेघ उमटली. बोटभर, मग हातभर. झरीच्या जागी ठिबकायला लागली. तिथून पहिली करवंटी, मग दुसरी. चुन्यावर ती नीळ काय दिसत होती म्हणून सांगू. लोक उठून उभे राहिले. मागचे बाकावर चढले. यशोदेच्या नावाची करवंटी भरली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाबलीने फळी पुसली, वरचे चिरे उचलून बाजूला ठेवले, म्हणजे खाण झाली असं धरा, आणि परत पाणी ओतलं. पाणी एकदम फळीवरून धो धो खाली गेलं, जमिनीवर थारोळं झालं, आणि संपलं. झर कोरडी. विनीत माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, आमच्या कंपनीत हे कुणाला जमलं नसतं." माझी छाती फुगली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात माझा मुलगा गुरुप्रसाद पुढे झाला. तो फळीच्या पलीकडे, उगवतीच्या बाजूला, उकिडवा बसला. आमच्या नावाची करवंटी त्याने उचलली, आत बघितलं, बोट फिरवलं. बोटाला नुसता चुना लागला.

"बाबलीकाकानू," तो म्हणाला, "पयल्या खेपेक पण हेच्यात पाणी इला नव्हता?"

बाबली म्हणाला, "नाय."

"म्हणजे आमच्या बावीक सड्याचा पाणी येनाच नाय?"

मी बाबलीकडे बघत होतो. मला तेव्हा कळलं की काय होतंय. मी मान हलवली, डोळे मोठे केले, काय काय केलं. त्याने माझ्याकडे बघितलंही. मग तो मुलाकडे वळला आणि जसा खड्ड्यातून वर बघून बोलायचा तसा बोलला. "नाय येना. तुमचा पाणी मागल्या देवराईतल्या डोंगराचा. सड्याचा उतार मावळतीक आसा. सडो अख्खो कापलो तरी तुमच्या बावी आटाच्यो नाय."

देऊळवाडीची माणसं एकेक करून पुढे आली. प्रत्येकाने आपापल्या करवंटीत बघितलं. इतक्या शांतपणे, रांगेत, की दर्शनाला आल्यासारखी. सहाही करवंट्या पांढऱ्या. मग ती आपल्या जागी जाऊन बसली, आणि बसली ती जरा वेगळी बसली. आधी सगळी मिसळून बसली होती.

चुलतभाऊ, तोच लाकडांच्या विहिरीचा धनी, म्हणाला की बाबली पाण्याबद्दल खोटं बोलत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्याने हे इतक्या मनापासून म्हटलं की त्यात टोमणा नव्हता.

समीक्षाने आवाज चढवून सांगितलं, अर्ध्या गावाची झर आहे, विचार करा. विचार झालेला होता. तिने ठराव मताला टाकला. पहिला हात गुरुप्रसादचा. मग भराभर. देऊळवाडीत विहिरी कमी पण मतं जास्त, आणि व्हाळवाडीतले दोघे, ज्यांची मुलं ठेकेदाराकडे ट्रकावर लागणार होती, तेही. विरोधात हात वर करा म्हणाली तेव्हा व्हाळवाडीने केले. बाबलीने केला, त्याचं बोट निळं होतं.

माझा हात दोन्ही वेळा गुडघ्यावर होता. माझा गुडघा दुखतो, पण त्या दिवशी जास्त दुखत होता असं काही नाही.

आता खाण चालू होऊन तिसरं वर्ष. सड्यावर चौकोनी खड्डे आहेत, एवढे सरळ कापलेले की केक कापावा तसे. त्यात पावसाचं पाणी साठतं, हिरवं होतं आणि तिथेच सुकतं. झर पहिल्या वर्षी शिमग्याला थांबली, दुसऱ्या वर्षी संक्रांतीला. यंदा दिवाळीनंतर कुणी बघायला गेलं नाही. व्हाळवाडीत फेब्रुवारीपासून टँकर येतो, त्याच रस्त्याने, चिऱ्याच्या ट्रकांमागून, धूळ खात. वायंगण कुणी करत नाही. यशोदेने वायंगणाच्या कोपऱ्यात सुपारीची रोपं लावून बघितली, तीही वाळली.

आमची विहीर भरलेली आहे. बाबलीने सांगितलं होतं तशीच. गुरुप्रसादने भाड्यातून पुढच्या बाजूला नवी खोली बांधली, चिऱ्याचीच. मी त्याला एकदा म्हटलं की व्हाळवाडीला आपल्या विहिरीचं पाणी जोडून देऊ. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, त्यांनी मागू दे की. ती मागत नाहीत. यशोदा एकदा रस्त्यात भेटली, डोक्यावर हंडा. मी थांबवून म्हटलं, वहिनी, आमच्याकडे या ना भरायला. ती म्हणाली की बघू, आणि पुढे गेली. अजून बघतेच आहे.

आणि गंमत ऐका. म्हणजे गंमत कसली. मागच्या महिन्यात तो ठेकेदार बाबलीच्या दारात आला, पेढे घेऊन. दोडामार्गाकडे त्याला दुसरा सडा घ्यायचाय आणि तिथला गाव अडून बसलाय, सगळ्या विहिरी आटतील म्हणून. तर बाबलीकाकांनी येऊन तिथलाही तसाच सडा मांडून द्यावा, करवंट्यांसकट. लोकांना तुमचं पटकन कळतं, तो म्हणाला. बाबली आत निघून गेला. पेढे यशोदेने परत दिले. सड्याची फळी आता मागीलदारी पडलेली असते, आणि त्यातल्या चपट्या चिऱ्यावर ती कपडे धुते, टँकर आला त्या दिवशी.

ठेकेदार येऊन गेल्याचं मला कळलं तेव्हा संध्याकाळी मी गेलो. बाबली खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून विडी ओढत होता, लपवायचंही सोडलंय आता. मी बसलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, शाळेचं झालं, गुरुजींचा नारळ झाला. मी गोष्ट रंगवून सांगितली, तो हसला नाही. मग मी म्हणालो, जे तीन वर्षं माझ्या पोटात होतं. म्हटलं, बाबली, तुझी चूक नाही, त्या सहा करवंट्या मीच ठेवायला लावल्या. पण तू मातीच्या थराखाली मधे नुसती एक पाचर सरकवली असतीस, दोन बोटं, तर पाणी दोन्ही अंगाला गेलं असतं. कुणाला कळणार होतं? तुझ्याशिवाय गावात पाण्याचा उतार कुणाला कळतो? एकदाच खोटं दाखवायचं होतं. झर राहिली असती.

बाबलीने विडी चिऱ्यावर विझवली. माझ्या गुडघ्याकडे बघितलं, माझा हात होता तिकडे. आणि म्हणाला,

"दोनय अंगांक निळा पाणी दाखवलं असतंय, ता खोटा म्हणान फक्त तुका एकट्याक ठावक असता. मगे खाणीच्या विरोधात तुझो हात वयर इलो असतो रे, दाजी?"